रूट कॅनॉलनंतरची कॅप: नागपुरात एका दिवसात, की गावात आठ दिवसांनी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ५६. खालच्या उजव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनॉल तालुक्याच्या गावी झालं आहे आणि दाढ जिभेकडच्या बाजूनं हिरडीपर्यंत तुटलेली आहे. तिथले डॉक्टर म्हणतात, माप नागपूरच्या लॅबला पाठवतो, ८-१० दिवसांत झिर्कोनियाची, म्हणजे एका फार चिवट सिरॅमिकची, कॅप येईल, ६,५०० रुपये. चुलतभावानं नागपुरातला एक दवाखाना सांगितला. तिथे कॅमेऱ्यानं माप घेऊन पोर्सेलीनची कॅप मशीनवर कापतात आणि त्याच दिवशी बसवून देतात, १६,००० रुपये. वेचणीचे दिवस आहेत, आई वावर सोडून पुन्हा पुन्हा दवाखान्यात यायला तयार नाहीत, आणि जेवणानंतर त्यांना सुपारी लागते. कोणती कॅप घ्यावी?

मी यवतमाळ जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी २३ वर्षं दातांचा दवाखाना चालवते. माझ्याकडे ती मशीन नाही, हे आधीच सांगते, म्हणजे माझं बोलणं कुठून येतं ते तुम्हाला कळेल. पण नागपुरात माझ्या वर्गमैत्रिणीकडे ती आहे. मी तिच्याकडे पेशंट पाठवते आणि तिच्या शेजारी बसून ते काम अनेकदा पाहिलं आहे.

तुमच्या आईंच्या या दाढेला मी गावातच, लॅबमधून आलेली पूर्ण झिर्कोनियाची कॅप लावली असती. एका दिवसाची कॅप हलकी असते म्हणून हे म्हणत नाही. दाढ हिरडीपर्यंत तुटली आहे आणि सुपारी चालू आहे, या दोन गोष्टींमुळे म्हणते. हेच उपदाढेचं काम असतं आणि तुटलेली कड हिरडीच्या वर असती, तर कदाचित मीच तुम्हाला नागपूरची वाट दाखवली असती.

आधी कॅप लागते कशाला ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. रूट कॅनॉल झालं की ठणका थांबतो आणि पेशंट गायब होतो. आमच्याकडे हे दरवर्षीचं आहे. दिवाळीच्या आधी रूट कॅनॉल, मग वेचणी, मग लग्नसराई, आणि एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडावर नाहीतर तिळाच्या चिक्कीवर दाढ उभी चिरते. नस काढलेली असते, त्यामुळे फारसं दुखतही नाही. जिभेला एक तुकडा हलताना लागतो तेव्हा कळतं. चीर मुळांच्या बेचक्यात उतरली असेल तर दाढ काढण्यावाचून इलाज राहत नाही आणि आधीचा सगळा खर्च पाण्यात जातो.

लोक म्हणतात, नस काढली की दाढ वाळते आणि ठिसूळ होते. खरं कारण थोडं वेगळं आहे. किडीनं आणि उपचारासाठी केलेल्या छिद्रानं दाढेचं छप्पर गेलेलं असतं आणि नुसत्या भिंती उभ्या असतात. चावताना त्या बाहेर फाकतात. बंडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव चढवतो ती कशासाठी? लाकडाचे तुकडे फाकू नयेत म्हणून. कॅपचं काम तेच आहे. आता चाकाचं लाकूडच कुजलेलं असेल तर धाव कितीही भारी आणा, ती धरणार कशाला? कॅपच्या कडेच्या वर, तिच्या आत, खऱ्या दाताची दीड ते दोन मिलिमीटर उंच धडधाकट भिंत हवी, जमेल तितकी सगळ्या बाजूंनी. नुसत्या सिमेंटच्या भरणावर बसलेली कॅप आज ना उद्या भरणासकट हातात येते. १६,००० रुपयांची असो की ६,५००ची.

म्हणून कॅप कोणती हे ठरवण्याआधी आईंच्या डॉक्टरांना विचारा की जिभेकडच्या बाजूला धडधाकट दात किती उरला आहे. पुरेसा नसेल तर त्या जागेची हिरडी थोडी खाली घ्यावी लागते, कधी हाडही किंचित घासावं लागतं. सुन्न करून होणारं छोटं ऑपरेशन आहे. ते केलं तर हिरडी भरायला काही आठवडे द्यावे लागतात, आणि मग एका दिवसाचा प्रश्नच उरत नाही.

आता मशीनकडे येते. ही पद्धत अनेकांना कालपरवाची वाटते. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक विद्यापीठात वर्नर मोरमान या दंतवैद्यानं आणि मार्को ब्रँडेस्टिनी या अभियंत्यानं ती उभी केली, आणि १९८५ मध्ये पहिल्या पेशंटच्या दातात सिरॅमिकचं काम एकाच बैठकीत बसलं. तेव्हा ते दातातलं भरण होतं, पूर्ण कॅप पुढच्या काळात जमू लागली. आजचं काम असं चालतं: दात घासून झाला की जाड पेनसारखा कॅमेरा तोंडात फिरवतात, पाच-दहा मिनिटांत वरचे, खालचे दात आणि चावा पडद्यावर उभा राहतो. डॉक्टर पडद्यावरच कॅप घडवतात. मग सिरॅमिकचा ठोकळा मशीनमध्ये अडकवतात. माझ्या मैत्रिणीकडचा ठोकळा लिथियम डायसिलिकेटचा असतो, अंगठ्याच्या पेराएवढा आणि रंगानं फिकट जांभळा. दोन बाजूंनी हिऱ्याच्या बारीक सुया पाण्याच्या फवाऱ्यात त्याला कोरत जातात, काचेवर दुधाळ पाणी उडत राहतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत दाढेचा आकार बाहेर येतो. अजून जांभळाच. पेशंटच्या चेहऱ्यावर त्या वेळी काळजी स्पष्ट दिसते. मग ती कॅप भट्टीत जाते, ८४० अंशांच्या आसपास, वीस-पंचवीस मिनिटं. आतले स्फटिक वाढतात, ताकद दुपटीहून जास्त होते आणि जांभळा रंग जाऊन दाताचा रंग येतो. ते मी कितीही वेळा पाहिलं तरी दर वेळी भट्टीचं दार उघडताना थांबून पाहते.

सगळं मिळून दोन ते तीन तास लागतात. ‘तासाभरात कॅप’ असं कोणी सांगत असेल तर तो सिमेंट लावण्याआधीची तपासणी कुठे उरकतो ते विचारा.

लॅबच्या कॅपबद्दल एक गैरसमज असतो की ती हातानं घडवलेली, जुन्या पद्धतीची. धातूवर पोर्सेलीन चढवलेल्या कॅपबाबत ते बरंचसं खरं आहे. झिर्कोनियाची कॅप मात्र लॅबमध्येही कॉम्प्युटरवर आखून मशीनवरच कापतात. ती खडूसारख्या मऊ चकतीतून, पाहिजे त्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शानं मोठी कापतात, मग सुमारे १,५०० अंशांच्या भट्टीत कित्येक तास ठेवतात. तिथे ती आकसून नेमक्या मापाची होते. दोन्हीकडे मशीनच आहे. लॅबमध्ये भट्टीला वेळ मिळतो आणि डॉक्टर व कॅप यांच्या मध्ये एका तंत्रज्ञाची आणखी एक नजर असते. माप चुकलं असेल तर चांगल्या लॅबचा माणूस फोन करतो: मॅडम, कड दिसत नाही, माप पुन्हा पाठवा. माझ्या लॅबवाल्यानं असे फोन करून माझी किती कामं वाचवली त्याची मोजदाद नाही.

ताकदीचे आकडे ऐका. भट्टीतून निघालेलं लिथियम डायसिलिकेट साधारण ४०० मेगापास्कलच्या (ताकद मोजायचं एकक) घरात, आणि मागच्या दाढांसाठी वापरतात ते झिर्कोनिया ९०० ते १,००० किंवा त्याहून वर. नुसत्या आकड्यांवर जाऊ नका, कारण भात-वरण खाणाऱ्या तोंडाला ४०० भरपूर आहे. मोठे अभ्यास एकत्र करून पाहिले तर लिथियम डायसिलिकेटच्या कॅप असोत की धातू-पोर्सेलीनच्या, पाच वर्षांनंतर शंभरातल्या नव्वदहून जास्त तोंडात टिकलेल्या दिसतात. फरक पडतो तो आपल्याकडच्या तोंडात. भाजलेली सुपारी कडाकडा फोडणारी दाढ, किंवा दिवसभर गालात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) धरणारी दाढ, ही पुस्तकातली दाढ नसते. वीस-वीस वर्षं सुपारी खाल्लेल्यांच्या दाढा मी बघते, वरचं आवरण झिजून मधोमध पिवळ्या वाट्या झालेल्या असतात. ज्या चाव्यानं निसर्गाचं आवरण झिजवलं, तिथे मला जास्तीत जास्त चिवट वस्तू हवी असते.

काही दवाखान्यांत आता झटपट भट्टीवर झिर्कोनियाही त्याच दिवशी करतात. म्हणून नागपूरला फोन करून ‘कोणत्या मटेरिअलची कॅप’ हे नावानं विचारा. ‘पोर्सेलीन’ हे उत्तर पुरेसं नाही. पोर्सेलीन म्हणून तीन-चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यातली काही साधी काच-पोर्सेलीन मोठ्या दाढेला लावण्यासारखी नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं कारण. लिथियम डायसिलिकेटची कॅप दाताला चिकटवायची असते. कॅपच्या आतल्या बाजूला आम्ल लावून ती खरखरीत करतात, वर एक द्रव लावतात, दातालाही तयार करतात आणि रेझिन सिमेंटनं दोघांना एकजीव करतात. नीट जमलं तर ते इतकं पक्कं असतं की कॅप काढायची वेळ आली तर ड्रिलनं कापूनच काढावी लागते. पण त्या दोन-चार मिनिटांत दात कोरडा हवा, अगदी कोरडा. थुंकी नको, हिरडीतून पाझरणारं पाणी नको, रक्ताचा तर टिपूसही नको. आईंची दाढ जिभेच्या बाजूनं हिरडीपर्यंत तुटलेली आहे. तिथे कड घासताना हिरडीला लागणार, रक्त येणार, आणि त्याच तासा-दोन तासांत तिथेच चिकटवायचं. खालच्या दाढेला जिभेच्या बाजूनं थुंकी सारखी साचते. रबराची चादर लावून दात वेगळा करता येतो, पण कड हिरडीखाली गेली की ती चादरही तिथे नीट बसत नाही. चिकटण ओलीवर झालं तर त्या दिवशी काही कळत नाही. कॅप छान दिसते, फोटोही चांगला येतो. वर्ष-सहा महिन्यांनी कडेखाली काळं दिसायला लागतं.

आठ दिवस थांबण्याचा इथे खरा फायदा होतो. दात घासताना दुखावलेली हिरडी, तात्पुरती कॅप नीट बसवली असेल तर, आठवड्यात बरीचशी सुधारते. बसवायच्या दिवशी रक्त नसतं. शिवाय झिर्कोनिया, दाताला पुरेशी उंची असेल तर, ग्लास आयोनोमरसारख्या सिमेंटनंही बसवता येते. ते सिमेंट जरा ओल सहन करतं. आपल्या हातात जी परिस्थिती आहे तिच्यात हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

कड म्हणजे काय ते एकदा जवळून सांगते, कारण पेशंट वरचा रंग बघतो आणि आम्ही कड बघतो. कॅप बसवण्याआधी मी ती नुसती दातावर ठेवते आणि टोकदार सळई कॅपवरून दातावर आणते, मग दातावरून कॅपवर. दोन्हीकडे जाताना टोक अडकायला नको. कॅपवरून खाली येताना टोक घसरून पडलं तर कॅपची कड बाहेर आहे. खाली येताना टोक दातावर अडलं तर कॅप आखूड आहे. नखानं जशी वहीच्या पानाची कड कळते तशी ही कळते. दंतशास्त्रात साधारण १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालण्याजोगी मानतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या थोडी पुढे-मागे. मग शेजारच्या दोन्ही बाजूंनी दोरा घालून पाहते. दोरा टचकन आवाज करत जायला हवा. सहज गेला तर तिथे आयुष्यभर मटणाचे रेशे नाहीतर तुरीची टरफलं अडकतील. अडला तर कॅप पूर्ण बसलेलीच नाही. हे सगळं दोन्ही प्रकारांत तसंच करायचं असतं. चांगल्या हातात मशीनची कॅपही या मापात बसते आणि लॅबचीही बसते.

इथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. दवाखाना सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती. एक शिक्षक होते, मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. त्यांच्या दाढेचं माप मी घेतलं तेव्हा मागच्या कोपऱ्यात हवेचा एक बुडबुडा राहिला होता, मोहरीएवढाही नाही. मला दिसला होता. तरी मी माप एसटीच्या पार्सलनं नागपूरला धाडलं. कॅप आली, सळई मागच्या कोपऱ्यात अडली. माप परत घ्यायचं तर आणखी आठ दिवस, आणि घरात मांडव पडलेला. सर म्हणाले, “मॅडम, लावून द्या जी, पाहुण्यांसमोर चांगलं दिसलं पाह्यजे.” मी लावून दिली. दोन वर्षांनी ते गाल धरून आले. कॅप जागच्या जागी, चकचकीत, आणि मागच्या कोपऱ्यातून आत गेलेली कीड मुळापर्यंत. दाढ काढावी लागली. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि ते मला जास्त लागलं. तेव्हापासून माप घेतल्यावर मी ते खिडकीच्या उजेडात नेऊन भिंगानं बघते, आणि बुडबुडा दिसला तर त्याच वेळी पुन्हा घेते, पेशंट कितीही घाईत असो.

एका दिवसाच्या पद्धतीच्या बाजूनं हेच माझं सगळ्यात मोठं बोलणं आहे. कॅमेऱ्यानं घेतलेलं माप पडद्यावर बशीएवढं मोठं दिसतं. डॉक्टरला स्वतःची चूक तिथल्या तिथे दिसते, आणि पेशंट खुर्चीतच असल्यामुळे ती लगेच सुधारता येते. मापाच्या लगद्यानं उलटीची उबळ येणाऱ्यांना तर तो कॅमेरा वरदान वाटतो. दुसरं, सुई एकदाच टोचावी लागते. तिसरं, तात्पुरत्या कॅपची भानगड नाही. प्लास्टिकची ती कॅप बसच्या हादऱ्यानं निघाली असं सांगत लोक येतात. निघाली आणि चार-पाच दिवस तशीच राहिली तर समोरचा दात किंवा शेजारचा दात किंचित सरकतो आणि नवी कॅप बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे रूट कॅनॉल केलेल्या दाढेत वरून थुंकी झिरपते. त्याच दिवशी पक्की कॅप बसली तर हा धोका संपतो. जो पेशंट पुन्हा येणारच नाही याची मला खात्री असते, उसतोडीला नाहीतर पुण्या-सुरतेला कामाला निघालेला, त्याच्या दाताची कड वर असेल आणि खर्च झेपत असेल तर मी त्याला बेलाशक नागपूरला पाठवते.

आणखी एक गोष्ट इथल्या तोंडांची. सुपारी आणि खर्रा वर्षानुवर्षं खाल्ला की गालाची आतली कातडी पांढुरकी, ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. आईंना सांगा, स्वतःची तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. तीन बोटं सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर मागच्या दाढेपर्यंत कॅमेऱ्याचं तोंड पोचवणं कठीण होतं, मापाचा ट्रेही कठीण जातो, आणि कॅपचा विषय बाजूला ठेवून आधी तोंडाची तपासणी करावी लागते. तिखट भाजी खाताना आग होते का, तेही विचारा. यात उशीर करू नका. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, आणि सुपारी सोडणं हा त्यातला पहिला उपचार आहे. आईंना मी हे समोर बसून, हात धरून सांगितलं असतं. तुम्ही सांगा.

तिसरी कॅप कोणी सुचवली नसेल, पण तिचं नाव घेते: धातूवर पोर्सेलीनची. आमच्याकडे अजून सगळ्यात जास्त तीच लागते, कारण स्वस्त आहे. तिचं वरचं पोर्सेलीन कधी टवका उडून जातं आणि हिरडी खाली सरकली की कडेला काळसर रेघ दिसते. मागच्या दाढेला रेघेचं कोणाला काय? पण सुपारी खाणाऱ्याच्या टवक्याची भीती मला वाटते. अगदी शेवटच्या दाढेला पूर्ण धातूची कॅप हा जुना आणि फार टिकाऊ उपाय आहे. त्यात दात कमीत कमी घासावा लागतो. फक्त आईंना बाजारातल्या खोट्या कानातल्यांनी कान लाल होऊन खाज येते का, ते विचारून घ्या. येत असेल तर निकेल सोसत नसण्याची शक्यता आहे, आणि स्वस्त धातूंत बहुधा निकेल असतं. झिर्कोनियात ही अडचण नाही.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, कारण खालची दाढ आहे. पण पुढच्या दाताची कॅप असेल तर आपल्या जिल्ह्यात एक वेगळी गोष्ट बघावी लागते. इथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात. अशा दातांच्या ओळीत एकरंगी पांढरीशुभ्र कॅप लावली की ती लांबून ओळखू येते. लॅबचा चांगला कारागीर पट्टे हातानं रंगवतो, शेजारच्या दाताचा फोटो समोर ठेवून. मशीनच्या कॅपवरही रंग चढवता येतो, पण मग तो डॉक्टरच्या हाताचा आणि त्या दिवशीच्या वेळेचा प्रश्न होतो.

पैशांचं गणित असं. यवतमाळहूनच नागपूर दीडशे किलोमीटर आहे, तुमचं गाव त्याच्याही पुढे. दोन माणसांचा पूर्ण दिवस, प्रवास, जेवण. एवढं करून तुमची एकच फेरी वाचते. गावात कॅपसाठी दोन फेऱ्या लागतात, तीन नव्हे, आणि त्या बाजाराच्या दिवशी धरता येतात. पहिल्या दिवशी भरण पक्कं करून दात घासणं आणि माप, पुढच्या बाजाराला कॅप बसवणं. डॉक्टरांना आधी फोन करून सांगितलं तर बहुतेक जण असं जुळवून देतात. आणि कॅप बसवल्यावरचा विचार करा. चावताना उंच लागली, निघाली, हिरडी सुजली, तर दाखवायला कोण जवळ आहे? नागपूरच्या दवाखान्यानं वॉरंटी कार्ड दिलं तरी ते नीट वाचा. लॅबही झिर्कोनियाला वॉरंटी देते. दोन्हीकडे ती कॅप फुटण्याची असते. खालचा दात किडला तर ती कामाची नाही.

६,५०० सुद्धा जड जात असतील तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगीचं दंत महाविद्यालय आहे. तिथे कमी खर्चात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम होतं. फेऱ्या मात्र जास्त होतात आणि वेचणीत ते तुम्हाला जमायचं नाही.

गावच्या डॉक्टरांशी बोलताना चार गोष्टी माझ्या नावानं नाही, तुमच्या काळजीनं विचारा. रूट कॅनॉलनंतरचा एक्स-रे दाखवा म्हणा, भरण मुळाच्या टोकापर्यंत गेलेलं दिसतं का. दाढ ठोकल्यावर अजून दुखते का ते तपासायला सांगा. दुखत असेल तर कोणतीच कॅप आत्ता नको. माप पुटीचं (कणकेसारख्या घट्ट रबरी मटेरिअलचं) घेणार का, की नुसत्या अल्जिनेटचं (पाण्यात कालवायच्या पावडरीचं), ते विचारा. कायमच्या कॅपला पुटी आणि त्यावर पातळ मटेरिअल असं माप हवं, किंवा त्यांच्याकडेही आता कॅमेरा असू शकतो. तसा असेल तर उत्तमच, फाइल फोनवरून लॅबला जाते आणि कॅप तीन-चार दिवसांत येते. आणि बसवल्यावर चावा घासून जुळवला तर ती जागा पुन्हा गुळगुळीत करून मागा. झिर्कोनियाची घासलेली खरखरीत जागा म्हणजे नुकतंच टाकी लावलेलं दळायचं जातं. समोरचा वरचा दात ती पिठासारखा झिजवते. गुळगुळीत केलेली झिर्कोनिया तसं करत नाही.

कॅप येईपर्यंत आईंनी डाव्या बाजूनं जेवावं. भाकर चालेल, फुटाणे आणि सुपारी नको. तात्पुरती कॅप निघाली तर फेकू नका, पुरचुंडीत बांधून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरी फेव्हिक्विक लावून बसवू नका, हे मी दर वर्षी दोघा-चौघांच्या दातांवरून खरवडून काढते. पक्की कॅप बसवल्यावर सुन्नपणा उतरेपर्यंत दोन-तीन तास काही चावू नये. दुसऱ्या दिवशी भाकरीचा पहिला घास घेताना तीच दाढ आधी लागते आहे असं वाटलं, तर सवय होईल म्हणून थांबू नका. पाच मिनिटांचं घासायचं काम असतं, त्याचे पैसेही कोणी घेत नाही. उंच राहिलेल्या कॅपखाली चांगली झालेली दाढ पुन्हा दुखायला लागते.

तीन बोटांची तपासणी आज रात्रीच करून पाहा आणि काय दिसलं ते मला कळवा.